पॅनलच्या दाराला ९२ बाय ९२ चे भोक

आमच्या भोसरी एमआयडीसीतील कारखान्यात गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर दोन संरक्षक रिले, म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकरला वीज तोडायला सांगणारी उपकरणे, बसविण्याचे काम निघाले. एक जुना काढून त्या जागी नवा बसवायचा होता आणि दुसरा जिथे आजवर काहीच नव्हते अशा कोऱ्या दारावर बसवायचा होता. दोन्ही रिले आम्ही आधीच विकत घेतले होते आणि सेटिंग व चाचणी करून देणारी परवानाधारक मंडळीही ठरलेली होती. घोडे अडले होते ते मधल्या कामापाशी, म्हणजे पॅनलच्या दारात नेमक्या मापाचा कटआउट (चौकोनी भोक) करून रिले त्यात नीट बसवून देण्यापाशी. मोठे पॅनलवाले एवढ्याशा कामाला येत नाहीत, कारण त्यांना अख्खे पॅनल बनवायचे असते. आणि नेहमीचा फॅब्रिकेटर आला तर तो हे काम खिडकीला जाळी बसवावी तसे उरकून जातो. शेवटी इंद्रायणीनगरच्या बाजूच्या एका छोट्या गाळ्याला काम दिले. जागेवर येऊन कटआउट करणे, अडॅप्टर प्लेट बनवणे आणि रिले किंवा मीटर दारात बसवून देणे एवढेच काम ते करतात. त्यांच्या कामातील मला खटकलेल्या गोष्टीही पुढे लिहिणार असल्यामुळे गाळ्याचे नाव देत नाही.

आधी कामाचे स्वरूप सांगतो. आमच्या एचटी (उच्चदाब) पॅनलमधील २२ केव्ही इन्कमर ब्रेकर, म्हणजे बाहेरून येणारी वीज जोडणारा-तोडणारा मुख्य स्विच, फिरत्या चकतीच्या जुन्या ओव्हरकरंट रिलेवर चालत होता. अशा रिलेत प्रवाह ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ॲल्युमिनियमची चकती फिरू लागते, प्रवाह जितका जास्त तितकी ती भरभर फिरते आणि संपर्क जुळला की ब्रेकरला ट्रिपचा हुकूम जातो. प्रवाह वाढला की वेळ कमी, या नात्याला नॉर्मल इन्व्हर्स वक्र म्हणतात आणि त्याचा हिशेब ठरलेला आहे: टाइम मल्टिप्लायर (सगळा वेळ त्याच पटीत बदलणारी सेटिंग) १ वर असताना सेटिंगच्या दुप्पट प्रवाहाला साधारण १० सेकंद, पाचपटीला ४.३ सेकंद आणि दसपटीला ३ सेकंदांच्या आत-बाहेर. वार्षिक चाचणीत आमच्या एका फेजच्या चकतीने याच्या दीडपट वेळ घेतला आणि दुसऱ्या खेपेस तर ती अर्ध्यावर थबकली. बेअरिंग साफ करून आणखी एक वर्ष ढकलता आले असते, पण त्या रिलेने आपली नोकरी पुरी केली होती, म्हणून १४४ बाय १४४ मिमीच्या चेहऱ्याचा नवा न्यूमेरिकल (इलेक्ट्रॉनिक) रिले घेतला. दुसरे काम एलटी (कमी दाबाच्या) पॅनलचे होते. तेथील मुख्य एसीबीसाठी, म्हणजे एअर सर्किट ब्रेकरसाठी, ९६ बाय ९६ मिमीचा वेगळा अर्थ फॉल्ट (जमिनीकडे होणारी गळती ओळखणारा) रिले बसवायचा होता आणि त्यासाठी दारात नवे भोक पाडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

गाळ्याचे मालक पाहणीला आले तेव्हा मी त्यांच्यापुढे माहितीपत्रक ठेवले. त्यांनी ते वाचले, बाजूला सारले आणि रिले खोक्यातून काढायला सांगितला. मग खिशातून व्हर्नियर काढून रिलेच्या मागच्या अंगाची रुंदी तीन ठिकाणी मोजली. ही खबरदारी मला जरा जास्तच वाटली होती, परंतु त्यामागचे कारण पक्के आहे. ९६ च्या चौकटीला ९२ चा कटआउट आणि १४४ च्या चौकटीला १३८ चा, ही मापे प्रमाणित आहेत आणि त्यांना सूट फक्त एका बाजूला आहे: ९२ ला अधिक ०.८ मिमी, १३८ ला अधिक १ मिमी, उणे मात्र शून्य. भोक जरासे लहान झाले तर रिले आत जाणारच नाही आणि कानस घेऊन बसावे लागेल. मोठे झाले तर मात्र इलाज उरत नाही, कारण ९६ मधून ९२ वजा केल्यावर चौकटीची कड प्रत्येक बाजूला जेमतेम २ मिमी पत्रा झाकते. जिगसॉचे पाते एकदा घसरले की तेवढे सहज जाते. आमच्याच कॉम्प्रेसर रूममधील पॅनलवर एका जुन्या फॅब्रिकेटरने असे भोक पाडून ठेवले आहे. तेथील मीटरभोवती आजही काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली आहे आणि दर पावसाळ्यात ती बदलावी लागते.

एलटी पॅनलच्या दारावर जागा निवडताना त्यांनी जे केले ते मी याआधी कोणाला करताना पाहिले नव्हते. डोळ्यांच्या उंचीवर, एसीबीच्या खिडकीच्या बरोबर वर, मला जागा चांगली वाटत होती. मालक म्हणाले, "रिले बसेल हो साहेब, पण दार लागेल का ते आधी बघू." त्यांनी रिलेचेच पुठ्ठ्याचे खोके घेतले आणि रिलेच्या खोलीइतके, अधिक मागचा कनेक्टर, अधिक वायरला वळायला लागणारी बोटभर जागा, एवढे माप धरून कटरने कापले. ते दाराच्या आतल्या अंगाला टेपने चिकटवले आणि दार हळूहळू लावत आणले. शेवटच्या चार बोटांवर खोके आतल्या वायरिंग डक्टला टेकले आणि एका कोपऱ्यात दबले. पुठ्ठ्याचे काहीच बिघडले नाही. त्या जागी रिलेचे टर्मिनल असते तर दार जोराने लावणाऱ्या पहिल्याच माणसाने ते मोडले असते. जागा बिजागरीकडे ४० मिमी सरकवली, खोके पुन्हा चिकटवले, दार पुरते लागले, आणि मगच पेन्सिल हातात घेतली गेली. या दहा मिनिटांसाठी मी त्यांना अख्ख्या कामाचे निम्मे गुण देईन.

काम शटडाउनच्या दिवशी करायचे होते. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार म्हटला की गुरुवारच आठवतो. आम्हीही गुरुवारच धरला. इन्कमर बंद, म्हणजे पूर्ण कारखाना बंद, आणि ज्या एलटी पॅनलवर काम चालू आहे त्यावर जनरेटर घेण्याचा प्रश्नच नव्हता. अशा दिवशी हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे ड्रिल चालवायला वीज कोठून आणणार. यांचे दोन कारागीर बॅटरीवरची जिगसॉ, बॅटरीवरची ड्रिल, चार जादा बॅटऱ्या आणि डोक्याला बांधायचे दिवे घेऊन आले. आमच्या वॉचमनने एक्स्टेंशन बोर्ड पुढे केला तेव्हा त्यातला मोठा कारागीर नुसता हसला.

आखणी कशी केली ते सविस्तर लिहितो, कारण काम बिघडते ते इथेच. दारावर प्रथम रुंद मास्किंग टेप लावली. तिच्यावर गुण्याने आडवी रेघ मारली, परंतु ती दाराच्या कडेपासून न धरता शेजारच्या मीटरच्या खालच्या कडेपासून धरली. जुन्या पॅनलची दारे बिजागरीवर थोडी खचलेली असतात. कडेपासून मोजले तर माप बरोबर आणि दिसायला तिरके असा प्रकार होतो. मग चार कोपऱ्यांत, रेघेच्या आतल्या अंगाला, सेंटर पंचाने खुणा करून १० मिमीची छिद्रे पाडली. जिगसॉला बारीक दात्यांचे पाते लावले आणि तिच्या तळाच्या पट्टीलाही टेप गुंडाळली, म्हणजे दाराच्या रंगावर ओरखडे येत नाहीत. काप रेघेवरून न घेता अर्धा मिमी आतून घेतला. उरलेला अर्धा मिमी कानशीने. कानस नेहमी रंगाच्या बाजूने आत ढकलली जात होती, बाहेर ओढली जात नव्हती, कारण उलट्या ओढीने पावडर कोटिंगचे पापुद्रे उचलतात. पत्रा चौदा गेजचा, म्हणजे २ मिमी जाडीचा होता, त्यामुळे या नुसत्या घासण्यात पाऊण तास गेला. त्यांच्याकडे ॲक्रिलिकचे दोन चौकोनी तुकडे होते, एक ९२ चा आणि एक ९३ चा. पहिला भोकातून सहज गेला पाहिजे आणि दुसरा अडला पाहिजे. ९३ चा तुकडा अडला तेव्हा कारागिराने तो चारही बाजूंनी फिरवून मला दाखवला, मी मागितले नसतानाही.

धातूच्या चुऱ्याबद्दल माझा अनुभव कडू आहे. एका जुन्या कामानंतर दोन महिन्यांनी टर्मिनल स्ट्रिपवर पडलेल्या लोखंडी किसाने कंट्रोल सप्लायचा फ्यूज उडवला होता, आणि तो कीस शोधण्यात आमचा एक दिवस गेला होता. या मंडळींनी दाराच्या मागे प्लॅस्टिकचा कागद झोळीसारखा बांधला आणि आतली सर्व उपकरणे चादरीने झाकली. काम संपल्यावर एक जाड लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो दाराच्या खाचा, गॅस्केटची फट आणि पॅनलचा तळ अशा सगळ्या जागांवरून फिरवला. चुरा पिशवीच्या बाहेरून चिकटतो, मग पिशवी उलटी केली की तो आत राहतो आणि चुंबक कोरा निघतो. आमच्या हेल्परने मदत म्हणून कॉम्प्रेस्ड हवेचा सिलिंडर आणायची तयारी दाखवली, तेव्हा त्याला बऱ्याच ठामपणे थांबवण्यात आले. हवा मारली की चुरा जात नाही, तो एसीबीच्या आर्क च्यूटमध्ये, म्हणजे ठिणगी विझवणाऱ्या कप्प्यात, जाऊन बसतो.

कापलेल्या कडेला झिंकचा प्रायमर लावून, तो सुकल्यावर गॅस्केटसह रिले आत सरकवला आणि बाजूचे दोन क्लॅम्प चढवले. स्क्रू आळीपाळीने, हाताला लागेपर्यंत, आणि मग पाव फेरी. एकच बाजू आवळत नेली तर चौकट तिरपी होते आणि पातळ पत्र्यावर दारच आत दबते. रिलेच्या अर्थ टर्मिनलपासून हिरवी-पिवळी वायर थेट अर्थ पट्टीला नेली. दाराला रंग असतो, त्यामुळे क्लॅम्पमधून अर्थ मिळेल या भरवशावर राहता येत नाही, हे त्यांना सांगावे लागले नाही. दार आणि पॅनल यांच्यामधील तांब्याची वेणी एका टोकाला सैल होती, तीही त्यांनी आवळून दिली. बिलात तिचा उल्लेख नव्हता.

एचटी पॅनलचे काम तुलनेने सोपे असायला हवे होते. जुन्या रिलेचे भोक नव्या रिलेपेक्षा कितीतरी मोठे, त्यामुळे त्यावर अडॅप्टर प्लेट बसवायची आणि प्लेटमध्येच १३८ चा कटआउट गाळ्यात लेझरने कापून आणायचा, असे ठरले. प्लेट मापाला चोख होती, रिले तिच्यात पहिल्याच झटक्याला बसला. पण दाराचा रंग आरएएल (रंगांच्या प्रमाणित क्रमांकांची यादी) ७०३२ आणि प्लेट आली आरएएल ७०३५ ची. नुसते आकडे वाचणाऱ्याला हा फरक तीनचा वाटेल. प्रत्यक्षात एक मळकट पिवळसर राखाडी आहे आणि दुसरा स्वच्छ फिका राखाडी, आणि शेजारी ठेवले की धोतराला ठिगळ लावावे तसे दिसते. पाहणीच्या वेळी मी रंग लेखी दिला होता. चूक त्यांनी लगेच मान्य केली आणि प्लेट बदलून देतो म्हणाले, पण ती बदलून यायला तीन आठवडे आणि माझे पाच फोन लागले.

दुसरी तक्रार रंगापेक्षा मोठी आहे. जुना रिले दाराच्या डाव्या अंगाला होता आणि प्लेटवरचा नवा रिले मध्यभागी आला, शिवाय त्याची टर्मिनले वेगळ्या उंचीवर. परिणाम असा की सीटीच्या, म्हणजे मोठा प्रवाह मोजण्याजोगा लहान करून रिलेला देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या, जुन्या वायरी नव्या टर्मिनलपर्यंत वीतभर कमी पडल्या. कंट्रोलच्या वायरीला टर्मिनल घेऊन वाढवता येते, पण सीटीच्या वायरीला मधेच जोड देणे आमच्या चाचणीवाल्यांना मंजूर नव्हते आणि त्यांचे म्हणणे योग्यच होते. त्यांनी टेस्ट टर्मिनल ब्लॉकपासून २.५ चौरस मिमीच्या नव्या वायरी ओढल्या. रिंग लग आणि फेरूल मी आदल्या दिवशीच बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून जास्तीचे आणून ठेवले होते म्हणून निभावले. तरीही शटडाउन दोन तासांनी लांबला. एलटीच्या दारामागे पुठ्ठ्याचे खोके लावून पाहणाऱ्या माणसाने एचटीच्या दारामागच्या वायरी हाताने ताणून पाहिल्या नाहीत, याचे मला नवल वाटते. वायरिंग आमचे काम नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. जागा ठरवणे मात्र त्यांचेच काम होते.

वायरिंगला हात न लावण्याचा त्यांचा नियम एका बाबतीत मला अतिशय आवडला. जुना रिले काढायच्या वेळी आमचा एक जुना ऑपरेटर म्हणाला की मॉड्यूल बाहेर ओढले की सीटी आपोआप शॉर्ट होतात, तेव्हा पुढे व्हा. त्याचे बोलणे अर्धे बरोबर होते. जुन्या ड्रॉ-आउट (मॉड्यूल केसमधून बाहेर ओढता येणाऱ्या) पद्धतीच्या रिलेत ही सोय केसमध्येच असते. आपल्याला तर केसच काढायची होती, आणि तिच्या मागच्या वायरी सुटल्यावर त्या सोयीचा काही उपयोग उरत नाही. प्रायमरीत प्रवाह चालू असताना सीटीची सेकंडरी उघडी राहिली तर तिच्या टोकांवर जीवघेणा विद्युतदाब तयार होतो. त्या दिवशी फीडर बंद होता ही गोष्ट वेगळी, पण सवय लावायची तर अशाच दिवशी. कारागिरांनी स्पष्ट सांगितले की चाचणीवाले टेस्ट ब्लॉकवर शॉर्टिंग लिंक (सीटीची टोके एकमेकांना जोडणारी पट्टी) टाकून दाखवेपर्यंत ते केसचा एकही बोल्ट सैल करणार नाहीत. अर्धा तास वाट पाहिली, पण ते जागचे हलले नाहीत.

संध्याकाळी सेकंडरी इंजेक्शन, म्हणजे रिलेला थेट चाचणीचा प्रवाह देऊन तपासणी, झाले. टाइम मल्टिप्लायर ०.१ वर ठेवून दुप्पट प्रवाह दिला तेव्हा नव्या रिलेने एक सेकंदाच्या जवळपास ट्रिप दिली आणि पाचपटीला अर्ध्या सेकंदाच्या आत, म्हणजे गणिताला धरून. याचे श्रेय अर्थातच रिले आणि चाचणीवाल्यांचे आहे. बसवणाऱ्यांचे श्रेय दुसरीकडे दिसले: ब्रेकर पाच-सहा वेळा आपटून बंद-चालू केला, दार हादरले, पण रिलेच्या चौकटीत आणि पत्र्यात कागद घालू म्हटले तर जाईना. आमच्या शेजारी फोर्जिंगचा हॅमर चालतो आणि आमच्या शेडमधील खिडक्यांची तावदाने दिवसभर थरथरत असतात, म्हणून हे मुद्दाम तपासले. आता सहा महिने होत आले. क्लॅम्पचे स्क्रू परवा तपासले, एकही सैल झालेला नाही.

खर्चाचे सांगायचे तर दोन्ही जागांचे मिळून ९,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ११,२१० रुपये झाले. एका चौकोनी भोकाला आणि एका प्लेटला एवढे पैसे का, असा प्रश्न आमच्या अकाउंट्स विभागाने विचारलाच. एलटी पॅनलचे अख्खे दार नवीन करून घ्यायला किती पडले असते ते सांगितल्यावर पुढचा प्रश्न आला नाही. आगाऊ रक्कम निम्मी घेतात, बिल वेळेवर देतात, फोन मात्र दुपारी चारनंतरच उचलतात.

ज्यांना जुन्या पॅनलवर एखादा रिले किंवा मीटर बसवून घ्यायचा आहे त्यांनी अशा गाळ्याकडे जरूर जावे, पण पाहणीच्या दिवशी आपला चाचणीवाला सोबत ठेवावा, दार उघडून सीटीच्या वायरी नव्या जागेपर्यंत पोहोचतात का ते त्याच्या देखत पाहावे, आणि रंगाचा आकडा लेखी देण्यावर न थांबता दाराचा खरवडलेला तुकडा किंवा रंगाचे कार्ड त्यांच्या हातात द्यावे. आमची बदललेली प्लेट ७०३२ मध्ये आली ती मी दारावर धरून पाहिल्याशिवाय उतरवून घेतली नाही. ती बसवायला आलेला कारागीर तोच होता. त्याने पुन्हा पिशवीतला चुंबक काढला, या वेळी एकही छिद्र पाडायचे नव्हते तरी.